श्री टेंबे स्वामी महाराजांचा संसार आणि आमचं घर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

लहानपणी मला वाटायचं की श्री टेंबे स्वामी महाराज आपल्या शेजारच्या माणगावचे. आमचं मूळ घर पोलादपूरचं. वडील दत्तजयंतीच्या आधी सात दिवस गुरुचरित्राचं पारायण करायचे आणि शेवटच्या दिवशी स्वामी महाराजांच्या तसबिरीला हार घालून आम्हा मुलांना सांगायचे की हे माणगावचे. महाडहून मुंबईला जाताना एस.टी. माणगावला थांबायची, तेव्हा मी खिडकीतून हात जोडायचो. पुढे बँकेत लागलो, महाडला बिऱ्हाड केलं, आणि पस्तिशीत कधीतरी कळलं की ते माणगाव वेगळं. ते खाली सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यात, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातलं. तरी खिडकीतून जोडलेले हात काही वाया गेले नसतील, असं मी मनाशी धरलं आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे महाराज येतात ते संन्यासी म्हणून. हातात दंड, अंगावर छाटी, कृश शरीर आणि ती नजर. मी पस्तीस वर्षं बँकेत आकडे जुळवले, म्हणून सवयीने एकदा हिशेब मांडला. महाराजांचा जन्म १८५४ सालचा, संन्यास १८९१ चा आणि समाधी १९१४ ची. म्हणजे साठ वर्षांच्या आयुष्यात संन्यास तेवीस वर्षांचा आणि त्याआधीची सदतीस वर्षं घरातली. त्यातली सोळा वर्षं तर पत्नीसह संसाराची. आपण सगळे घरातले लोक, मग महाराजांची घरातली वर्षं आपण वाचतो तरी का? खरं सांगायचं तर मीही ती पानं भरभर उलटून पुढे जात असे. २०२१ च्या पुरात आमच्या घरी जे झालं, त्यानंतर ती पानं मी सावकाश वाचली. तेच आज दत्तजयंतीच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवतो.

शके १७७६ च्या श्रावण वद्य पंचमीला माणगावी गणेशभट आणि रमाबाई टेंबे यांच्या पोटी महाराजांचा जन्म झाला. नाव ठेवलं वासुदेव. आजोबा हरिभट कर्मनिष्ठ, वडील गणेशभट दत्तभक्त. गाणगापुरी सेवेत राहून आलेले. म्हणजे दत्तभक्ती त्या घरात आधीपासून होती, पैसा मात्र नव्हता. आठव्या वर्षी मुंज झाली. विष्णुभट उकिडवे यांच्याकडे वेदाध्ययन झालं. संस्कृत आणि ज्योतिषही झालं. तरुण वयातच वासुदेवशास्त्री म्हणून गावात मान मिळू लागला. तरी भिक्षुकाचं घर ते. आपल्यासारखा एक तारखेला पगार जमा होत नाही. कोणाकडे कार्य निघालं तर दक्षिणा, नाही तर नाही.

एकविसाव्या वर्षी लग्न झालं. मुलगी रांगणागडच्या गोडे घराण्यातली. माहेरचं नाव बयो, सासरी आली ती अन्नपूर्णाबाई होऊन. हे नाव मी मुद्दाम लिहितो, कारण महाराजांचं चरित्र सांगताना आपण हे नाव एका वाक्यात संपवतो.

शास्त्रीबुवांचा नेम कडक. स्नान, संध्या, पूजा, वैश्वदेव हे सगळं झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. बाहेरचं खायचं नाही. कोणाकडून काय घ्यायचं, काय नाही, याचेही नियम. आता असं बघा, असा नेम पुरुष पाळतो तेव्हा अर्धा नेम घरातली बाई पाळत असते. पहाटे चूल कोण पेटवतं? सोवळ्यातलं पाणी कोण भरतं? कोकणातल्या पावसात ओली लाकडं फुंकून नैवेद्य वेळेवर कोण तयार ठेवतं? चरित्रात याची नोंद नसली तरी उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मनाची ओढ नरसोबाच्या वाडीकडे होती. घाट चढून पायी वाडीला जायचं, तिथे सेवा करायची, परत यायचं, असं अनेकदा झालं. वाडीला श्रीगोविंदस्वामींचा सहवास मिळाला आणि दत्तप्रभूंचा अनुग्रहही तिथलाच. एका खेपेस परत येताना कागलला एका मूर्तिकाराकडून दत्ताची मूर्ती मिळाली. ती माणगावी आणली आणि १८८३ साली साधंसं मंदिर उभं करून तिची स्थापना केली. आज आपण माणगावला जातो ते हेच दत्तमंदिर. स्थापना झाली आणि गावाचा नूर पालटला. त्रिकाळ पूजा, नैवेद्य, गुरुवार, उत्सव. लांबून लांबून लोक आपली दुःखं घेऊन यायचे आणि शास्त्रीबुवा देवाला विचारून उपाय सांगायचे. अशी सात वर्षं गेली. याच काळाच्या शेवटी त्यांनी गुरुचरित्राचा विषय दोन हजार संस्कृत श्लोकांत बांधला, ती द्विसाहस्री.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असेल, आता सगळं जागेवर बसलं. स्वतःचं घर, स्वतः स्थापलेला देव, गावात मान. पण घरात दुःख होतं. मूल झालं ते मृत जन्मलं. मूलबाळ नसलेल्या बाईला त्या काळच्या खेड्यात काय काय ऐकावं लागलं असेल ते मी सांगायला नको. आणि शास्त्रीबुवांचं मन संन्यासाकडे लागलेलं.

अशा वेळी, १८८९ साली, महाराजांनी माणगाव सोडलं. देवाची आज्ञा झाली आणि स्वतः स्थापलेलं मंदिर, राहतं घर, सात वर्षांत जमलेली माणसं, सगळं मागे ठेवून निघाले. मात्र पत्नीला मागे ठेवलं नाही. दोघं मिळून निघाली. संन्यासाची ओढ असलेल्या माणसाने मध्यरात्री गुपचूप घर सोडल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. इथे तसं झालं नाही. संसार होता तोवर तो पुरा केला. वाडी, पंढरपूर, बार्शी असं करत नवराबायकोचा तो संसार रस्त्याने चालू लागला. डोक्यावर स्वतःचं छप्पर नाही, उद्याचा मुक्काम ठरलेला नाही, पण स्नान, संध्या, पूजा, नैवेद्य जसं माणगावला तसंच वाटेवर. घर सुटलं, नेम बरोबर निघाला.

शेवटी ती दोघं गोदावरीकाठी गंगाखेडला आली. संत जनाबाईंचं हे गाव, तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे पटकीची साथ होती आणि अन्नपूर्णाबाईंना पटकी झाली. शके १८१३ च्या वैशाख वद्य चतुर्दशीला त्या गेल्या. माहेर दूर, सासर दूर, परमुलखात. ज्या घटकेची मन इतकी वर्षं वाट पाहत होतं ती आता समोर उभी होती, पण महाराजांनी घाई केली नाही. तेरा दिवस बसून पत्नीचं सगळं उत्तरकार्य यथासांग केलं आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. बँकेत आम्ही दिवसाखेर टॅली झाल्याशिवाय घरी जात नसू. एक रुपयाचा फरक असला तरी रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसायचो. ते तेरा दिवस वाचताना मला ते आठवलं. संसाराचं खातं महाराजांनी असं मध्येच टाकलं नाही. नीट मिळवून, सही करून बंद केलं.

आता आमच्या घरचं सांगतो.

२२ जुलै २०२१, गुरुवार. दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा. आदल्या दिवसापासून पाऊस असा की समोरचं घर दिसेना. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि ते पाणी सावित्रीतून खाली येतं ते आपल्याकडेच. एकीकडून सावित्री, दुसरीकडून गांधारी आणि मध्ये महाड. आमच्याकडे पुराची सवय आहे, २००५ चा पूर आम्ही पाहिलेला. पण या खेपेस पाणी थांबेचना. खालच्या मजल्यावर गुडघाभर झालं, कमरेइतकं झालं, तशी आम्ही सगळी वरच्या खोलीत सामान नेऊ लागलो. मी, आमची ही, मुलगा, सून, पाच वर्षांचा नातू आणि पंचाऐंशीची आई.

मी बँकेचा माणूस, म्हणून मी आधी कागद उचलले. पासबुकं, मुदत ठेवीच्या पावत्या, घराचा उतारा, विमा. आमची ही जिन्यात आडवी आली तेव्हा तिच्या एका हातात दत्ताची तसबीर आणि समई, दुसऱ्या हातात तेलाची बाटली, काडेपेटी आणि पोह्यांचा डबा. मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दरवर्षी पारायण करणारा माणूस मी, पण जिन्यात उभं राहून देवाच्या तसबिरीला अडगळ म्हणालो, एवढं सांगतो. ती काही बोलली नाही. बाजूने वर गेली.

संध्याकाळी वीज गेलेली, फोन बंद, खाली अंधारात भांडी आणि फळ्या एकमेकांवर आपटण्याचे आवाज. बाजारपेठेत मुलाचं स्टेशनरीचं दुकान होतं, कर्ज काढून दोन वर्षांपूर्वी थाटलेलं. ते पाण्याखाली असणार हे त्याला कळत होतं आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी मनात आकडे मांडत होतो, कर्ज किती, माल किती, विमा किती आणि दर पाच मिनिटांनी बॅटरी घेऊन जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो. नातू रडायचा थांबत नव्हता. आई त्याला थोपटत होती.

सात वाजले असतील. आमच्या हिने कोपऱ्यात पाट मांडला, तसबीर ठेवली, समई लावली आणि रोजच्यासारखी करुणात्रिपदी म्हणायला सुरुवात केली. ही तीन पदं महाराजांचीच, वाडीला रोज म्हटली जातात, आपण सगळे म्हणतो. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. आई तिच्या आवाजात मिसळली, मग सून. नातू समईकडे बघत गप्प झाला. मी जिन्यात उभा होतो. मला म्हणता येईना. पाठ असलेले शब्द आठवेनात. पण पायऱ्या मोजायचं मी थांबलो.

त्यानंतर तिने पोहे भिजवून सगळ्यांना दिले.

पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. मग कळलं की त्याच संध्याकाळी आपल्याच तालुक्यात तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही तेच झालं. आमचं काय गेलं होतं? खालचं सामान, दुकान आणि वडिलांच्या हातची गुरुचरित्राची पोथी, जी मी कपाटात खालच्या फळीवर ठेवली होती आणि कागद उचलताना विसरलो. कागद पुढे पंचनाम्याला उपयोगी पडले, नाही असं नाही. पण त्या रात्री घर सांभाळलं ते कागदांनी नाही. तिच्या नेमाने सांभाळलं, आणि त्या नेमाला जागा लागली ती फक्त एका पाटाएवढी.

खरी परीक्षा नंतर होती. चिखल महिनाभरात निघतो, मनातला निघत नाही. मुलाचं दुकान पुन्हा उभं राहीना. एके दिवशी तो म्हणाला की पनवेलला नोकरी मिळते आहे, आम्ही तिघं जातो, तुम्हीही चला, दर पावसाळ्यात हे भय कशाला. मी संतापलो. हे घर मी हप्ते फेडून बांधलं, इथे देव बसवला, वडिलांचं पारायण इथे चालू ठेवलं, ते सोडून तू जाणार? दोन-तीन महिने बापलेकांत धड बोलणं नव्हतं. तो संध्याकाळी समईपाशी बसेनासा झाला. मी त्याला बोलवायला निघालो की आमची ही मला अडवायची. जबरदस्तीने बसवलेला माणूस बसलेला नसतो, असं तिचं म्हणणं.

त्या दिवसांत मी महाराजांचं चरित्र पुन्हा हातात घेतलं आणि माणगाव सोडण्याच्या पानावर अडलो. ज्यांनी स्वतःच्या हाताने देव स्थापला त्यांनी सात वर्षांनी ते स्थान सोडलं. मी तर नुसतं घर बांधलं होतं. महाराज पुढे तेवीस चातुर्मास करत हिंडले. उज्जयिनीला नारायणानंद सरस्वती स्वामींकडून दंड घेऊन ते वासुदेवानंद सरस्वती झाले आणि तिथून भारतभर चालले. हिमालय, ब्रह्मावर्त, द्वारका, नर्मदाकाठ, दक्षिणेत तंजावर. वाहनात बसायचं नाही, सगळं पायी. शरीराला संग्रहणीचा आजार कायमचा जडलेला, तरी भिक्षेचा नियम मोडला नाही. श्रीपाद श्रीवल्लभांचं जन्मस्थान पीठापूर आणि श्रीनृसिंह सरस्वतींचं कारंजा, ही दोन्ही स्थानं आपल्याला पुन्हा कळली ती त्यांच्यामुळे. एका जागी टिकून असं ते कधी राहिलेच नाहीत, पण त्यांच्याइतका स्थिर माणूस शोधून सापडणार नाही. मग स्थैर्य जागेत असतं, हा माझाच हट्ट ना?

आणखी एक लक्षात आलं. स्वतः घर सोडल्यावरही महाराजांनी घरातल्या माणसांना सोडलं नाही. आज आपल्या घराघरांत जे म्हटलं जातं त्यातलं कितीतरी त्यांचं आहे. अठरा अक्षरांचा दिगंबरा हा मंत्र त्यांनीच आपल्याला दिला. १९११ साली कुरवपूरच्या चातुर्मासात लिहिलेलं घोरकष्टोद्धरण स्तोत्र अवघं पाच श्लोकांचं, नोकरीला जाणाऱ्या माणसालाही रोज म्हणता येईल असं. लहान मुलं, तरुण आणि म्हातारे अशा तिघांसाठी त्यांनी कुमारशिक्षा, युवशिक्षा, वृद्धशिक्षा असे तीन ग्रंथ रचले. म्हणजे एका घरात ज्या तीन पिढ्या असतात त्या तिन्ही त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. मी आता तिसऱ्या ग्रंथाचा गिऱ्हाईक आहे आणि म्हाताऱ्याने शिकायची पहिली गोष्ट हात सैल सोडणं ही असावी, असं मला वाटू लागलं आहे.

चरित्र मिटून मी आमच्या हिला माणगाव सोडल्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली की निघताना अन्नपूर्णाबाईंनी बोचक्यात काय काय बांधलं असेल ते कोणी लिहून ठेवायला हवं होतं. मला जिन्यातली तसबीर, समई आणि पोह्यांचा डबा आठवला. त्या जिन्यातल्या बोलण्याबद्दल मी तिची माफी मागितली ती त्या दिवशी, चार महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी मुलाला सांगितलं की जा. रागाने नाही, मनापासून. सामान बांधताना त्याच्या आईने एक लहान समई आणि तसबीर दिली. मी काही बोललो नाही. टेंपो निघायच्या आधी संध्याकाळ झाली होती. तो आपणहून पाटापाशी येऊन बसला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून करुणात्रिपदी म्हटली. त्यात मीही होतो.

आता आई नाही. पुढच्याच वर्षी गेली, झोपेत, शांतपणे. तिचे तेरा दिवस मी कुठलीही घाई न करता केले. घरात आम्ही दोघंच. पावसाळ्यात सावित्रीचा आवाज वाढला की पोटात अजूनही कालवतं, कालवत नाही असं मी म्हणणार नाही. पण सात वाजता समई लागते. त्याच वेळी पनवेलच्या दोन खोल्यांत सून समई लावते, नातू आता पदं पाठ म्हणतो. कधी त्याचा एखादा शब्द चुकतो, कधी माझा. भिजलेली वडिलांची पोथी मी पानं सुटी करून उन्हात वाळवली. अक्षरं पुष्कळशी पुसली आहेत. ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे आणि पारायण नव्या पोथीवरून करतो.

शके १८३६ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला, २४ जून १९१४ रोजी, नर्मदाकाठी गरुडेश्वरला महाराजांनी देह ठेवला. तिथे आपण जातो, जावंच. वाडीला जातो, माणगावला जातो. पण दत्तभक्तांना, विशेषतः माझ्या वयाच्या गृहस्थांना एक विनंती करतो. एकदा मनाने गंगाखेडलाही जाऊन या. पटकीच्या साथीत, परक्या गावी, पत्नीचे तेरा दिवस करत बसलेले शास्त्रीबुवा बघा. समोर उद्याचं काहीच ठरलेलं नाही आणि आजचं कर्म मात्र वेळेवर चालू आहे. आपल्या घरांवरही पूर येतात, आजार येतात, मुलं लांब जातात, माणसं जातात. तेव्हा सगळं वाचवता येत नाही. एक पाट मांडता येतो, दिवा लावता येतो आणि घरातल्या सगळ्यांना शेजारी बसायला जागा करून देता येते. जो बसणार नाही त्याची जागा राखून ठेवता येते.

आणि जिन्यात समई घेऊन येणारं माणूस आडवं आलं, तर आपण बाजूला व्हावं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥